मगरींच्या तळ्याकाठचा साहेब

स्मरणिकेसाठी चरित्रपर लेख लिहायचा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सावित्रीबाई, रमाबाई, आनंदीबाई अशी वंदनीय नावे उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र मी एका परदेशी गृहस्थाचे चरित्र भगिनींपुढे ठेवीत आहे. हा गृहस्थ संत नव्हता की समाजसुधारकही नव्हता. तो इंग्लंडमधल्या खानदानी घराण्यातला, हट्टी, तापट आणि शानशौकीचा भोक्ता असा साहेब होता. आफ्रिकेच्या अंतर्भागात त्याने जमीन घेतली, राजवाड्यासारखे घर बांधले, आणि जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे तेथे काढून तेथेच देह ठेवला. त्याच्या अंत्ययात्रेला मात्र त्या नवस्वतंत्र देशाचे कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष जातीने आले. हे कसे घडले, याचे मला फार कुतूहल वाटले. मिळेल ते वाचीत गेले, तेव्हा आपणांसारख्या मंडळात काम करणाऱ्यांनी विचार करावा असे बरेच काही त्यात आढळले.

सर स्ट्युअर्ट गोर-ब्राउन यांचा जन्म १८८३ साली लंडनमध्ये झाला. वडील नामांकित बॅरिस्टर होते, तर आजोबा न्यूझीलंडचे गव्हर्नर होऊन गेलेले. घराणे मोठे, पण हाताशी पैसा बेताचाच. हॅरोच्या प्रसिद्ध शाळेत शिक्षण झाले, पण अभ्यासात मुलाने विशेष चमक दाखविली नाही. पुढे तो सैन्याच्या तोफखान्यात दाखल झाला. इंग्लंडमध्ये स्वतःची मोठी जमीन असावी, भोवती कुळे असावीत, आपण त्यांचे पोशिंदे असावे, हे त्या काळच्या इंग्रज सरदाराचे स्वप्न. ते पुरे करण्याइतकी ऐपत या तरुणाजवळ नव्हती.

त्याच्या आयुष्यातली खरी आधारदेवता होती त्याची आत्या, एथेल लॉक किंग. या बाईंविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांच्या पतीने वेब्रिज येथे आपल्याच जमिनीवर ब्रुकलँड्सची मोटारशर्यतीची धावपट्टी बांधली. १९०७ साली तिचे उद्घाटन झाले, तेव्हा मिरवणुकीच्या अग्रभागी स्वतः मोटार हाकीत एथेलबाई होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांसाठी इस्पितळांची व्यवस्था पाहिली आणि त्याबद्दल १९१८ साली त्यांना डेम हा किताब मिळाला. या आत्येला भाचा जन्मभर पत्रे लिहीत राहिला. आफ्रिकेतले प्रत्येक सुखदुःख, प्रत्येक खर्च, प्रत्येक भांडण तिला कळविले जाई, आणि पैसे कमी पडले की आत्येचाच हात पुढे येई. साहेबाच्या आफ्रिकेतल्या वैभवाचा पाया एका बाईच्या मायेवर आणि तिच्या पैशावर उभा होता, हे विसरून चालणार नाही.

१९११ साली बेल्जियमच्या ताब्यातील काँगो आणि इंग्रजांचा उत्तर ऱ्होडेशिया यांच्यामधली सीमा आखण्याच्या कामावर गोर-ब्राउन आफ्रिकेत गेले. उत्तर ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झांबिया. तीन वर्षे रानावनांतून पायी हिंडून काम संपले, आणि १९१४ च्या वसंतात परतीच्या वाटेवर त्यांना एक तळे दिसले. भोवती टेकड्या, निळे पाणी आणि काठावर बेम्बा लोकांची खेडी. तळ्याचे नाव शिवा न्गांदू, म्हणजे मगरींचे तळे. याच मुलखाच्या दक्षिणेस लिव्हिंग्स्टन यांनी १८७३ साली देह ठेवला होता. गोर-ब्राउनांनी तेथेच मनाशी ठरविले की आपले घर होईल ते या काठावर. लगेच महायुद्ध सुरू झाले. फ्रान्सच्या आघाडीवर ते लढले, त्यांना सन्मानपदकही मिळाले, पण तळे काही मनातून गेले नाही. १९२० साली ते परत आले आणि त्यांनी जमीन विकत घेतली.

जमीन कोणाकडून घेतली, हे येथे सांगितले पाहिजे. त्या वेळी तो प्रदेश एका इंग्रज व्यापारी कंपनीच्या ताब्यात होता. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनी होती, तसाच हा प्रकार. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या बेम्बांची जमीन कंपनीने साहेबाला विकली. पुढे वाढत वाढत ही मालमत्ता वीस हजार एकरांच्या वर गेली. शिवाय कंपनीने प्रत्येक झोपडीवर कर बसविला होता. तो रोख पैशात भरावा लागे, म्हणून लोकांना गोऱ्यांकडे मजुरी करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांच्या वाड्यावर मजूर का मिळाले, याचे उत्तर साहेबाच्या लोकप्रियतेत जेवढे आहे, तेवढेच या करातही आहे.

घर मात्र विलक्षण झाले. रेल्वेचे स्टेशन न्डोला येथे, कित्येक दिवसांच्या वाटेवर. तेथून सामान होड्यांतून दलदलींमधून आणायचे आणि नंतर हमालांनी डोक्यावर वाहून न्यायचे. कपबश्या, पुस्तके, चित्रे, सारे असेच आले. विटा आणि कौले जागेवरच भाजली. बेम्बा गवंडी आणि सुतार तयार केले. मनोरा, कमानी, ग्रंथालय, प्रार्थनामंदिर, पायऱ्यापायऱ्यांची बाग, असा थाट उभा राहिला. रात्रीच्या जेवणाला साहेब जंगलातही काळा कोट चढवून बसत. याबरोबरच कामगारांसाठी पक्क्या विटांची घरे, शाळा, दवाखाना, पोस्ट हेही झाले. त्या काळी इतर गोऱ्या जमीनदारांच्या वस्तीत असे सहसा दिसत नसे.

बेम्बा लोकांनी त्यांचे नाव ठेवले चिपेंबेले, म्हणजे गेंडा. नाव अगदी सार्थ होते. रागाचा झटका आला की त्यांना भान राहत नसे, आणि नोकरांवर त्यांनी हात उचलल्याचे त्यांच्या चरित्रकारांनीही लपविलेले नाही. तोच माणूस बेम्बा भाषा मनापासून शिकला, आणि आजारी मजुराची चौकशी करायला स्वतः जाई. मायबाप सरकार म्हणतात ते हेच! मायबाप जेवू घालतो आणि मारतोही. दोन्हींचा अधिकार त्याने स्वतःच स्वतःकडे घेतलेला असतो.

एवढा पसारा चालवायला उत्पन्न हवे. पुष्कळ प्रयोग फसल्यावर गोर-ब्राउन सुगंधी तेलांकडे वळले. कडू नारिंगाची फुले, लिंबे, जिरेनियम, निलगिरी यांची लागवड करून भट्ट्यांत अर्क काढायचा आणि अत्तरे करणाऱ्यांना विकायचा. वजनाला हलका व किमतीला भारी माल, म्हणून इतक्या दूरवरून पाठवायला परवडे. काही वर्षे धंदा बरा चालला. परंतु १९५० नंतरच्या दशकात ट्रिस्टेझा नावाचा रोग आला. तो मावा या किडीमार्फत पसरतो. त्यात बाग बसली. आत्येचा आधार १९५६ साली तिच्या मृत्यूबरोबर सुटला. वाडा स्वतःच्या उत्पन्नावर भक्कम उभा राहिला, असे फारसे कधी झालेच नाही.

आता त्या वाड्यातल्या गृहिणीकडे वळते. तरुणपणी गोर-ब्राउनांचे लोर्ना बॉस्वर्थ स्मिथ नावाच्या मुलीवर प्रेम होते. ते विवाहापर्यंत पोचले नाही. तिने दुसऱ्याशी लग्न केले आणि पुढे ती वारली. १९२७ साली गोर-ब्राउन इंग्लंडला आले असता तिची अनाथ मुलगी त्यांना भेटली. तिचेही नाव लोर्नाच. हे चव्वेचाळीस वर्षांचे, ती नुकती विशीच्या उंबरठ्यावर आलेली. त्याच वर्षी लग्न झाले आणि ती या रानातल्या वाड्याची मालकीण झाली. माणूस वरायचा की त्याच्या आठवणीतली दुसरीच कोणी, हा प्रश्न त्या पोरीला त्या वेळी कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही.

लोर्नाबाईंनी संसार मनापासून मांडला. भाषा शिकल्या, कारभारात लक्ष घातले, दोन मुली झाल्या. त्या सुमारास ऑड्री रिचर्ड्स नावाच्या विदुषी बेम्बा लोकांच्या जीवनाचा अभ्यास करण्यासाठी त्या भागात आल्या होत्या. शिवा न्गांदूच्या घरी त्यांचा मुक्काम पडे. बेम्बांची जमीन, श्रम आणि आहार यांवरचा त्यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही तो मोलाचा मानतात.

त्यातला विषय आपल्या इतका ओळखीचा आहे की थोडे थांबावेसे वाटते. बेम्बांचे मुख्य अन्न नाचणी. आपल्या कोकणात आणि मावळात पिकते तीच नाचणी, जी मूळची आफ्रिकेतलीच आहे. शेतीची त्यांची रीत अशी की, पुरुषांनी झाडांवर चढून फांद्या छाटायच्या, बायकांनी त्या डोक्यावर वाहून आणून ढीग रचायचे, पावसाआधी ते जाळायचे आणि त्या राखेत बी पेरायचे. भाताच्या रोपांसाठी राब जाळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. नाचणीचे घट्ट उकडलेले अन्न कालवणाशिवाय त्यांना जेवण वाटत नाही. म्हणून पीठ करणे, पाणी आणणे, सरपण गोळा करणे आणि वर रानात जाऊन कालवणासाठी पाला शोधणे, हे सारे बाईच्या अंगावर. पुरुष तांब्याच्या खाणींत मजुरीला गेले की फांद्या छाटायला माणूस उरत नसे, शेत आखडे, आणि नवे पीक हाती येण्याआधीचे महिने उपासमारीचे जात. कोठारात थोडे दाणे असूनही दिवसभर राबून दमलेल्या बाईला कालवण मिळविणे झाले नाही, तर चूल पेटत नसे. उपाशीपणाचे कारण आळस नसून ओझे आहे, हे एका स्त्रीनेच घरोघरी बसून मोजून दाखविले.

लोर्नाबाईंचे मन मात्र त्या वाड्यात रमले नाही. भोवती सोबतीण नाही, पती वयाने वडिलांसारखे, घराची प्रत्येक वस्तू त्यांच्या मर्जीने ठेवलेली, आणि मनातले सारे सांगायचे ते पत्रातून आत्येला. पुढे साहेब राजकारणात गुंतले आणि अंतर वाढले. बाई अखेर वेगळ्या झाल्या, आणि १९५० साली घटस्फोट झाला. हजारो माणसांचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्याला घरातले गाऱ्हाणे ऐकू आले नाही. असे आपल्याकडेही घडते, म्हणून अधिक लिहीत नाही.

आता त्यांच्या सार्वजनिक कार्याविषयी. १९३५ साली गोर-ब्राउन उत्तर ऱ्होडेशियाच्या विधिमंडळावर निवडून आले. मतदार बहुतेक सारे गोरेच. त्याच वर्षी तांब्याच्या खाणींत मजुरांनी संप केला आणि लुआन्शा येथे गोळीबारात सहा आफ्रिकन मेले. १९३८ साली सरकारने गोर-ब्राउनांना आफ्रिकनांच्या हिताचे प्रतिनिधी म्हणून नेमले. म्हणजे लाखो काळ्या लोकांच्या वतीने बोलायला एक गोरा! ही नेमणूकच मुळात विपरीत होती, पण तिचा त्यांनी प्रामाणिकपणे उपयोग केला. खाणींच्या वस्त्यांत हिंडले, लोकांची भाषा येत असल्याने दुभाष्याशिवाय ऐकले, आणि कातडीच्या रंगावरून कामाची व पगाराची पायरी ठरविण्याच्या रीतीविरुद्ध सभागृहात बोलत राहिले. स्वजातीयांनी त्यांना घरभेदी ठरविले. त्यांच्या व इतरांच्या आग्रहातून आफ्रिकनांच्या सल्लागार समित्या निघाल्या, आणि १९४८ साली विधिमंडळात प्रथमच दोन आफ्रिकन सभासद बसले. त्याआधी १९४५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला होता.

आणि त्याच १९४८ साली त्यांच्या हातून मोठी चूक झाली. लंडनच्या वसाहत खात्याच्या कारभाराला ते कंटाळले होते. म्हणून सत्ता तेथील लोकप्रतिनिधींकडे यावी, अशी मागणी त्यांनी केली. परंतु सभागृहातले बहुसंख्य प्रतिनिधी गोरे होते. तेव्हा या मागणीचा अर्थ आफ्रिकनांनी बरोबर ओळखला. लंडनचा दूरचा धनी जाऊन जवळचा धनी मानगुटीवर बसणार! ज्यांच्यासाठी आपण दहा वर्षे बोललो, त्यांना विचारावे हे साहेबांना सुचले नाही. लोकांचा विश्वास उडाला. १९५१ साली ते विधिमंडळातून बाहेर पडले. १९५३ साली आफ्रिकनांचा विरोध डावलून गोऱ्यांच्या वर्चस्वाचे संघराज्य स्थापन झालेच.

येथवरचे चरित्र अनेक सज्जन साहेबांचे असू शकेल. गोर-ब्राउन निराळे ठरतात ते यापुढे. शिवा न्गांदूच्याच भागात, चिन्साली तालुक्यातील लुब्वा येथे १९२४ साली एका धर्मोपदेशक-शिक्षकाच्या घरी केनेथ काउंडा जन्मले. ते गांधीजींच्या मार्गाचे अभ्यासक होते. अहिंसेच्या मार्गाने त्यांनी स्वातंत्र्याची चळवळ उभारली, तुरुंगवास सोसला. साहेबांपेक्षा ते एकेचाळीस वर्षांनी लहान. या तरुणाच्या पक्षात म्हातारे गोर-ब्राउन सामील झाले आणि १९६२ च्या निवडणुकीत त्याच पक्षाच्या तिकिटावर उभे राहिले. त्यांचा पराभव झाला. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, आपल्या वाड्याच्या आसपास लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलाला पुढारी मानून त्याच्या मागे उभे राहणे आणि हरणे! चिपेंबेलेला हे साधले, यातच मला त्यांचे खरे मोठेपण दिसते. आधी ते लोकांच्या वतीने बोलत होते. आता लोक स्वतः बोलत होते आणि हे त्यांच्या रांगेत उभे होते.

२४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया स्वतंत्र झाला. अनेक गोऱ्यांनी गाशा गुंडाळला. गोर-ब्राउन कोठेही गेले नाहीत. जमिनीचा कारभार तोवर मुलगी लोर्ना आणि जावई जॉन हार्वी पाहत होते. ऑगस्ट १९६७ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते वारले. सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. राष्ट्राध्यक्ष काउंडा आले, बेम्बा मंडळी लोटली, आणि तळे जेथून दिसते अशा टेकडीवर त्यांना पुरले. पुढची हकीकत दुःखाची आहे. वाड्याला उतरती कळा लागली, आणि १९९२ साली मुलगी व जावई या दोघांचीही हत्या झाली. त्यानंतर नातवंडांनी मोठ्या कष्टाने त्या घराची डागडुजी केली.

असो. या चरित्राचा हिशेब मांडायला बसले की तो सरळ सुटत नाही. जमीन दुसऱ्यांची होती, घर दुसऱ्यांच्या डोक्यावरून वाहून आले होते, पैसा आत्येचा होता, आणि पत्नीचे तारुण्य त्यात खर्ची पडले. टेकडीवरच्या मानाच्या समाधीने यातले काही पुसले जात नाही. पण माणूस जेथे सुरुवात करतो तेथेच संपला पाहिजे असे नाही, हेही तितकेच खरे.

मंडळाच्या कामात आपण वस्तीतल्या भगिनींसाठी शिवणवर्ग काढतो, बालवाडी चालवतो, औषधे वाटतो. हे सारे चांगले आहे. तरी त्यांच्यासाठी करणे आणि त्यांना विचारून करणे, यांत फरक आहे. गोर-ब्राउनांसारख्या बुद्धिमान माणसालाही तो कळायला दहा वर्षे आणि एक मोठी चूक लागली. आपल्या कार्यकारिणीत त्या भगिनींपैकी किती जणी आहेत? यंदाच्या वार्षिक सभेत हा प्रश्न मी मांडणार आहे. त्यांच्यातली एखादी उद्या अध्यक्षा झाली, तर तिच्या हाताखाली काम करण्याची तयारी आपण आतापासूनच ठेवू या.